वर्षअखेरीची मोजणी: पाळकीय सेवेविषयी वाचकांचे प्रश्न

वर्ष संपत आले की या सदराकडे ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांची आणि त्यांच्या जवळच्या माणसांची पत्रे अधिक येतात. त्यांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व त्यांच्या मंडळ्यांची ओळख त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न: आदरणीय पाळकसाहेब, मी एका लहान मंडळीत सेवा करतो. वर्षाचा अहवाल लिहायला बसलो आहे, पण लेखणी पुढे सरकत नाही. वर्षारंभी उपासनेला साधारण साठ माणसे असत, आजही तेवढीच असतात. दोन कुटुंबे नोकरीनिमित्त दूर गेली, तिघे वृद्ध प्रभूमध्ये झोपी गेले, बाप्तिस्मे दोनच झाले. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्राच्या मंडळीत आता रविवारी दोन उपासना घ्याव्या लागतात. सांगण्यासारखे काहीच नसेल, तर हे वर्ष वाया गेले असे समजावे काय?

उत्तर: प्रिय बंधू, तिघांचे मृत्यू आपण घटीच्या बाजूला लिहिले आहेत, आणि वाचताना मी तेथेच थांबलो. त्या तिघांच्या खाटेशी आपण बसला असाल, त्यांना बोलवेनासे झाल्यावर त्यांच्या वतीने स्तोत्र म्हटले असेल, दफनविधीनंतर पाहुणे पांगल्यावर पुन्हा एकदा त्या घरी गेला असाल. एखाद्या माणसाला शेवटपर्यंत विश्वासात सांभाळून प्रभूच्या हाती सोपवणे, याहून पाळकाच्या कामाची पूर्तता दुसरी कोणती? अहवालाच्या तक्त्यात मात्र ती वजाबाकी म्हणून पडते, कारण या कामासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

तरीही संख्येकडे पाहूच नये, असे मी सांगणार नाही. ‘आम्ही संख्येला महत्त्व देत नाही’ असे म्हणणाऱ्या मंडळ्यांत पुष्कळदा कोण यायचे थांबले हेदेखील कोणाच्या ध्यानात येत नाही. शास्त्रात मोजणी जागोजागी आहे. फक्त ती कशासाठी केली जाते यावर सारे अवलंबून आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात दावीद राजा लोकांची शिरगणती करायला सांगतो. त्याचा सेनापती यवाब त्याला विनवतो की, देव प्रजा शतपट वाढवो, पण राजाला हे का हवे आहे? दावीद ऐकत नाही. नऊ महिने वीस दिवस फिरून यवाब आकडा आणतो, इस्राएलात आठ लाख आणि यहूदात पाच लाख तलवार धरणारे पुरुष, आणि आकडा हाती येताच दाविदाचे मन त्याला खाऊ लागते. राजाच्या मनात नेमके काय होते हे तो अध्याय उलगडून सांगत नाही. पण त्या संपूर्ण मोजणीत एकाही माणसाचे नाव येत नाही, तलवारी मात्र मोजलेल्या आहेत, एवढे आपल्याला दिसते.

याउलट लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळ पाहा. शंभरांतले एक मेंढरू हरवले, हे त्याला कळले कसे? त्याने मोजले म्हणून. तो नव्याण्णववर अडला आणि तिथून उठून निघाला. मेंढपाळाची मोजणी ही अशी असते: जे नाही त्याच्याकडे नेणारी. रविवारी उपासनेला साठ माणसे होती, हा आकडा आपल्याला अभिमान देतो की खंत देतो, हा माझ्या मते खरा प्रश्न नव्हेच. त्या आकड्यामुळे सोमवारी आपली पावले कोणाच्या घराकडे वळली, हे मला विचारावेसे वाटते.

तिसरी मोजणी थकलेल्या माणसाची आहे, आणि आपले पत्र वाचताना तीच अधिक आठवली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा होरेब डोंगरावर दोनदा म्हणतो, ‘मीच एकटा उरलो आहे.’ वास्तविक राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले व त्यांना जगवले, हे त्याला आधीच्याच अध्यायात सांगितलेले आहे. म्हणजे ते ठाऊक असूनही त्याच्या हिशेबात आले नाही. थकव्याने आणि भीतीने माणसाची मोजणी चुकते. देव ती दुरुस्त करतो, सात हजार जणांनी बआल या दैवतापुढे गुडघे टेकलेले नाहीत असे सांगतो, पण ते नंतर. आधी रतामाच्या झुडपाखाली त्याला झोप मिळते आणि दोन वेळा भाकर व पाणी मिळते. म्हणून आपल्याला माझी पहिली विनंती अशी की, नाताळचा आठवडा सरल्यावर, सलग कार्यक्रमांनी शरीर मोडून गेलेले असताना हा अहवाल लिहू नका. चार दिवस नीट झोपा, मग कागद घ्या.

त्या वेळी सभासदांची नोंदवही, दफनाची, बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही आणि आपली रोजनिशी ही सारी एकत्र टेबलावर ठेवा. सभासदांच्या एकेका नावावर बोट ठेवून स्वतःला एवढेच विचारा की, या माणसाच्या मनात सध्या काय चालले आहे हे मला ठाऊक आहे काय. एका वर्षअखेरीस मी असे वाचत असताना एका विधुर गृहस्थांच्या नावाशी बोट थांबले. वर्षभरात त्यांचा एकही रविवार चुकला नव्हता. हजेरीच्या हिशेबाने त्यांच्यासारखा सभासद दुसरा नव्हता. परंतु पत्नीच्या दफनविधीत म्हटलेले गीत उपासनेत आले की ते गीतांचे पुस्तक मिटून खाली पाहत बसत, हे मला आठवले. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा वाटले होते की ते गीत काही दिवस घेऊ नका असे ते म्हणतील. ते म्हणाले, ‘ते गीत टाळू नका. मला ते पुन्हा म्हणता यायला हवं.’ पुढे कित्येक महिने आम्ही ते गीत नेहमीप्रमाणे घेत राहिलो, आणि ते आधी एक कडवे, मग दोन, असे म्हणू लागले. हे कोणत्या तक्त्यात बसणार?

मित्राविषयी थोडेच लिहितो. येशूच्या पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी त्याचा शिष्य पेत्र याला स्वतःचे पाचारण मिळाले, आणि लगेच त्याने योहानाकडे पाहून ‘याचे काय?’ असे विचारले. ‘त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये,’ असे उत्तर त्याला मिळाले. दोन उपासना घेणारा आपला मित्रही कदाचित आपल्या सगळ्या माणसांची नावे ठाऊक नसल्याच्या काळजीत असेल. त्याला एकदा फोन करा. आपल्या अहवालात आकडे जसे आहेत तसे लिहा, ते फुगवू नका आणि त्यांची क्षमाही मागू नका. त्याखाली त्या तिघा वृद्धांची नावे आणि त्यांनी मंडळीला काय दिले हे प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा. दूर गेलेल्या दोन कुटुंबांना नव्या ठिकाणी मंडळी मिळाली काय, हेही विचारून लिहा.

प्रश्न: वर्षभर दिलेल्या संदेशांचा आढावा कसा घ्यावा? उपासना सुटल्यावर लोक ‘संदेश चांगला झाला’ एवढेच म्हणतात. त्यावरून काही कळत नाही.

उत्तर: दारात हात मिळवताना लोक काय म्हणतात, यावर आपण जाऊ नये हे उत्तम. आपण वर्षभरात घेतलेल्या शास्त्रपाठांची एक सरळ यादी करा. जेथे नेमून दिलेला वाचनक्रम पाळला जातो तेथे हे काम सोपे असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि अनेक देशांतल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत चालणाऱ्या वाचनक्रमात तीन वर्षांचे चक्र आहे: एक वर्ष मत्तय, दुसरे मार्क, तिसरे लूक, आणि योहान या तिन्ही वर्षांत विभागलेला. जेथे पाळक स्वतः पाठ निवडतो तेथे यादी अधिक बोलकी ठरते, कारण माणूस नकळत आपल्या आवडीच्या चार-पाच अध्यायांभोवती फिरत राहतो. ज्या यादीत जुना करार जवळजवळ नाही, किंवा पौलाची पत्रेच आहेत आणि येशूने सांगितलेला एकही दाखला नाही, अशा यादीवरून मंडळीपेक्षा पाळकाचीच प्रकृती कळते.

ती यादी दफनाच्या नोंदवहीशेजारी ठेवून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. १५० स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारावरच संपते. त्यात शेवटी आशेचे वळणही नाही. ज्या वर्षी मंडळीने माणसे गमावली, एखाद्या घरात दीर्घ आजार चालू राहिला, त्या वर्षी व्यासपीठावरून यांतले एकही स्तोत्र वाचले गेले नसेल, तर दुःखी माणसांनी रविवारी आपले दुःख दाराबाहेर ठेवून आत यायचे असते, असाच त्यांचा समज झाला असेल.

इ.स. ५९० मध्ये रोमचे बिशप झालेले ग्रेगरी यांनी पाळकांच्या कर्तव्यांवर चार भागांचा एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्यांनी श्रोत्यांच्या जोड्या मांडल्या आहेत: गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि दुःखी, अबोल आणि बोलके, निरोगी आणि आजारी, आणि एकाला जे औषध ते दुसऱ्याला अपाय करू शकते, हे ते पुनःपुन्हा बजावतात. मोठ्या सभागृहात हा विवेक ठेवणे अवघड आहे, पण साठ माणसांसमोर उभ्या राहणाऱ्या पाळकाला तो ठेवता येतो, कारण कोण कोठे बसले आहे आणि गेल्या आठवड्यात त्याच्या घरी काय घडले हे त्याला ठाऊक असते. लहान मंडळीतल्या संदेशाचे हे बलस्थान आहे, आणि आपण सर्वांनी ते अधिक मनापासून वापरावे असे मला कळकळीने वाटते. त्याच ग्रंथाचा चौथा भाग अगदी लहान आहे: उपदेश करणाऱ्याने उपदेश संपल्यावर स्वतःकडे वळावे, नाहीतर तो त्याच उपदेशाच्या गर्वाने पडेल. तेव्हा यादी पाहून झाल्यावर, तिच्यातला कोणता पाठ माझ्या स्वतःच्या वागण्याला लागला, हाही प्रश्न टाळू नये.

हे सारे केव्हा करावे, असे कोणी विचारील. मंडळीचे उपासनावर्ष नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्याच्या आधीचे दोन आठवडे आढाव्याला योग्य आहेत. नाताळची धावपळ तेव्हा सुरू झालेली नसते.

प्रश्न: या वर्षी एक जुने कुटुंब मंडळी सोडून गेले. कोणी कारण सांगितले नाही. मी त्यांच्याकडे जावे काय? गेलो तर मी त्यांना परत आणायला आलो असे त्यांना वाटेल, न गेलो तर माझे मन मला स्वस्थ बसू देत नाही.

उत्तर: जावे, आणि परत आणण्याच्या हेतूने जाऊ नये. आधी फोन करून वेळ घ्या. एकटेच जा, कमिटीतल्या कोणाला बरोबर नेऊ नका, नाहीतर ती भेट न राहता चौकशी होते. ते जे सांगतील त्याला तेथल्या तेथे उत्तर देऊ नका. आपल्यावरचा आरोप सर्वस्वी चुकीचा असला तरी त्या दिवशी तो खोडण्याची घाई नको. ते दुसऱ्या मंडळीत रमले असतील, तर त्यांच्यासाठी व त्या मंडळीच्या पाळकासाठी प्रार्थना करून या. ती प्रार्थना मनापासूनची असली पाहिजे.

पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र अशा वेळी वाचावे, विशेषतः त्याचा चौथा अध्याय. ‘मी धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे’ हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण त्यापुढचा मजकूर आपण भरभर वाचून जातो. सेवेचा शेवटचा हिशेब तेथे नावानिशी मांडलेला आहे. देमास सोडून गेला. क्रेस्केस गलतीयास, तीत दालमतियास गेला. लूक तेवढा जवळ आहे. तुखिकाला इफिसास पाठवले. एरास्त करिंथात राहिला. त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवावे लागले. पौलासारख्या प्रेषितालाही आपला एक सोबती आजारी असताना मागे ठेवून पुढे जावे लागले, आणि त्याने ते लपवले नाही, हे लहान मंडळीच्या पाळकाने वाचावे असे मला फार वाटते. त्याच यादीत, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असेही आहे. हा तोच मार्क, ज्याने पहिल्या फेरीत अर्ध्या वाटेवर साथ सोडली होती आणि ज्याच्यावरून पौल व बर्णबा यांची फारकत झाली. सोडून गेलेल्यांच्या यादीतले नाव काही वर्षांनी दुसऱ्या यादीत येऊ शकते. म्हणून त्या कुटुंबाचे नाव नोंदवहीतून कमी करावे लागले, तरी आपल्या प्रार्थनेच्या वहीतून कमी करू नका.

घरभेटींचा प्रश्न यातच येतो. सतराव्या शतकात इंग्लंडमधील किडरमिन्स्टर येथे सेवा करणारे रिचर्ड बॅक्स्टर आणि त्यांचे साहाय्यक सोमवार व मंगळवार हे दोन दिवस कुटुंबांना शिकवण्यासाठी राखून ठेवत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे घेत, म्हणजे आठशेहून अधिक कुटुंबांची एक फेरी वर्षात पूर्ण होई. आपल्याकडे एवढी कुटुंबे नाहीत. चाळीस कुटुंबांची मंडळी असेल, तर आठवड्याला एका घरी निवांत बसले तरी वर्षात सर्व घरे होतात आणि आजारपणे व अडचणींसाठी काही आठवडे उरतात. अडचण संख्येची नसते. आपण तीच सात-आठ घरे पुन्हापुन्हा करतो, कारण तेथे आपले स्वागत होते.

प्रश्न: मी एका पाळकांची पत्नी आहे. वर्षभरात आमच्या घराला पूर्ण असा एकही दिवस मिळाला नाही. मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला निघालो तरी फोन येतो आणि हे परत फिरतात. मी काही बोलले तर सेवेच्या आड येते असे मलाच वाटते.

उत्तर: प्रिय भगिनी, आपण सेवेच्या आड येत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित परत येऊन आपण काय काय केले आणि काय शिकवले ते सर्व येशूला सांगतात. तो त्यांच्या सेवेचा अहवालच होता. त्यावर येशू पुढचे काम नेमून देत नाही. तुम्ही एकांती चला आणि थोडा विसावा घ्या, असे म्हणतो, कारण त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. अर्थात लोक त्यांच्या आधीच पलीकडे धावत पोहोचले आणि तो विसावा राहून गेला, हेही तेथेच लिहिले आहे. येशूला त्या लोकांचा कळवळा आला. पण दिवसअखेरीस त्याने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवले, लोकसमुदायाला स्वतः निरोप दिला आणि प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. समुदायाला निरोप द्यावा लागतो, तो आपण होऊन पांगत नाही.

पाळकसाहेबांना हे पत्र अवश्य दाखवा. आठवड्यातला एक दिवस घराचा ठरवावा, आणि त्याची सूचना त्यांनी स्वतः न देता कमिटीच्या सचिवांनी उपासनेत द्यावी. त्या दिवशी मृत्यू किंवा गंभीर आजार सोडून इतर निरोप कोण घेईल, मंडळीतल्या त्या वडीलजनांचे नावही सांगावे. शाळेच्या कार्यक्रमाच्या दिवशी फोन आपल्या हाती राहू द्या. स्वतःच्या घराची काळजी ज्याला घेता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, असे पौलाने तीमथ्याला विचारले आहे, आणि ते वाक्य पाळकांच्या पत्नींना सुनावण्यासाठी नसून पाळकांनी स्वतः वाचण्यासाठी आहे.

प्रश्न: मी मंडळीच्या कमिटीचा सभासद आहे. आमच्या पाळकांच्या वर्षभराच्या सेवेचा आढावा कमिटीने घ्यावा काय, आणि कसा?

उत्तर: घ्यावा, पण त्यांच्या समोर. पाठीमागे घेतलेला आढावा ही कुजबुज असते. बैठकीत प्रथम कमिटीने आपलाच हिशेब द्यावा. मानधन दरमहा ठरलेल्या तारखेला पोहोचले काय? निवासस्थानाच्या दुरुस्तीचे जे कबूल केले होते ते झाले काय? त्यांना अभ्यासासाठी व विश्रांतीसाठी वेळ मिळाला काय? मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये हा नियमशास्त्रातला दंडक पौलाने सेवकांच्या चरितार्थाला लावला आहे, आणि तो पाळण्याची जबाबदारी मंडळीची आहे. त्यानंतर पाळकांना बोलू द्या, आणि त्यांचे बोलणे मध्येच तोडू नका.

निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलेल्या मोशेला पाहून म्हणतो की, हे काम तुला एकट्याला झेपणारे नाही, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमायला सांगतो. लहान मंडळीला त्यातला शेवटचा आकडाच पुरे. कमिटीच्या प्रत्येक सभासदाने काही घरे वाटून घ्यावीत, वर्षातून निदान तीनदा तेथे जावे, आणि कोण आजारी आहे, कोणाचे येणे थांबले आहे, हे पाळकांना वेळेवर कळवावे. पुढच्या वर्षीच्या बैठकीत या भेटींचा वृत्तान्तही पाळकांच्या अहवालाबरोबरच वाचला जावा, आणि ती बैठक आगमनकाळापूर्वी घ्यावी, म्हणजे पाळकांनी जे सांगितले त्याला नव्या वर्षाच्या आखणीत जागा मिळेल.